पट्टीवाली

३ जानेवारी

वहिनी,

भिंगरी परवा सुखरूप पोचली. दादाने तिला माझ्या हवाली केलं आणि परतीच्या गाडीसाठी तसाच पळाला, चहासुद्धा घेतला नाही. तिची बॅग उघडून बसले आहे. सहा वर्षांच्या मुलीला अकरा फ्रॉक? माझ्याकडे कपाट एक, त्यातलं निम्मं कारखान्यातून आणलेल्या कागदांनी भरलेलं. असो, कागद पलंगाखाली सरकवले.

तुम्ही तिकडे पडल्या पडल्या काळजी करणार, म्हणून कालचं इस्पितळातलं सविस्तर लिहिते. शाळेतल्या तपासणीत निघालं तेच खरं आहे. उजवा डोळा चोख. डाव्याला मोठा नंबर आहे आणि तो जन्मापासून असावा. एक डोळा उत्तम चालत होता म्हणून तिलाही कळलं नाही आणि आपल्यालाही नाही. चष्मा लावूनसुद्धा डाव्याने तिला तक्त्यावरची पहिली ओळच तेवढी वाचता येते. मुलांकडून डोळ्यांचा सराव करून घेणाऱ्या एक बाई तिथे आहेत. मी त्यांना म्हटलं, "चष्मा लावूनही दिसत नाही, म्हणजे डोळाच खराब ना?"

"डोळा ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूने त्याचं ऐकणं सोडलंय. दोन डोळ्यांकडून दोन चित्रं जातात. एक स्वच्छ, एक पुसट. मेंदूला ती जुळवायची असतात. जुळेनात, की पुसट चित्र तो बाजूला टाकतो. रोज टाकता टाकता तशी सवयच लागते. मग मेंदूत त्या डोळ्याची जी जागा असते, तीही चांगला डोळा बळकावून बसतो. लोक याला आळशी डोळा म्हणतात. बिचारा डोळा रोज काम करतो, त्याचं काम कुणी घेत नाही इतकंच."

उपाय म्हणजे उजव्यावर पट्टी, रोज सहा तास. मेंदूला डाव्याचं ऐकावंच लागेल असं करायचं. लहानपणीच हे नीट होतं, वयाच्या सात-आठ वर्षांनंतर फार जड जातं, वेळ दवडू नका, असं त्यांनी बजावलं.

बाळ होईपर्यंत तुम्हाला अंथरुणातून उठायची बंदी, मिठागराच्या वसाहतीत डोळ्यांचा डॉक्टर नाही, आणि माझ्या खोलीपासून इस्पितळ पायी जाण्याइतकं जवळ. तिला माझ्याकडे पाठवलंत ते बरं केलंत. एक काम मात्र तुमचं. पट्टी असताना तिने जवळचं बारीक काम करायला हवं, आणि वाचन सगळ्यात उत्तम. तुम्ही तिला दर आठवड्याला ठळक, मोठ्या अक्षरात पत्र लिहा. आईचं पत्र म्हटलं की ती डोळा ताणून वाचेल.

पट्टी काल लावली. जरा कुरकुरली, मग रमली.

तुमची
वन्सं


११ जानेवारी

वन्सं,

पत्र पोचलं. अकरा फ्रॉक यासाठी दिले, की ती दिवसातून दोनदा अंगावर दूध सांडते. तुम्हाला हे माहीत नसणार. पट्टी लावण्याआधी तिच्या कपाळावरचे केस मागे घेऊन पिन लावा, नाहीतर ते चिकटतात, मग ओढले जातात आणि ती रडते. झोपताना बाहेरच्या खोलीतला दिवा चालू लागतो. सफरचंद साल काढून द्या, पण साल काढताना तिने पाहिलं तर खाणार नाही. गिरक्या घ्यायला लागली की थांबवू नका, आपोआप थांबते. म्हणून तर बाबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. एवढं सगळं एका पत्रात लिहून होतं का? मला शिकायला सहा वर्षं लागली.

हे तिच्यात आलं कुठून? आमच्या माहेरी कुणालाच चष्मा नाही. माझे वडील सत्तरीत सुईत दोरा ओवायचे. यांनाही नाही. दोन्हीकडे मिळून चष्मा लावता त्या तुम्हीच. सहज आठवलं म्हणून लिहिलं, राग मानू नका.

इथे मी छताकडे बघत पडलेली असते. खिडकीतून पांढरं मिठागर आणि त्यावर पांढरं ऊन. शाळेतल्या मुलांचा आवाज येतो. माझ्या जागी आलेली नवी शिक्षिका पाढे फार भरभर म्हणवते. हल्ली माझ्या सगळ्या जागा दुसऱ्यांकडे आहेत.

सोबत भिंगरीचं पत्र. तुम्ही आधी वाचू नका. तिला फोडू द्या.

भिंगरीची आई


२४ जानेवारी

वहिनी,

केसांच्या पिनेने काम सोपं झालं, तुमचे आभार. दुधाचंही पटलं. पहिल्या चार दिवसांतच माझी चादर बाद झाली.

तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे, पण भिंगरीला ते पत्र वाचता आलं नाही. आधी वाटलं, नाटक करते. मग मी कात्री घेतली आणि (क्षमा करा, तुमचं पत्र कापलं) 'सफरचंद' शब्दाची अक्षरं सुटी करून एकेक तिच्यासमोर धरली. घडाघड सांगितली. पुन्हा शेजारी शेजारी ठेवली, तर म्हणे, "अक्षरं एकमेकांत शिरतायत." बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ही या डोळ्याची खूणच आहे. एकटं अक्षर तो ओळखतो आणि गर्दीत हरवतो, कारण त्याच्याकडून आलेलं चित्र सुटं करून बघायला मेंदू अजून शिकलेला नाही. तेव्हा दोन अक्षरांमध्ये बोटभर जागा सोडा आणि ओळींमध्ये दोन बोटं.

दिवसभर ती माझ्याबरोबर बाइंडिंगच्या कारखान्यात असते. मालकांनी एकदा 'हं' केलं, तीच परवानगी समजायची. मी छापून आलेल्या मोठ्या कागदांना, फर्म्यांना, घड्या घालते, ती शेजारी उलट्या खोक्यावर बसून मणी ओवते, रद्दी कागदावरचे ठिपके जोडते. खळ शिजवणाऱ्या मावशी तिला एकडोळ्या दरोडेखोर म्हणतात.

रात्री माझ्या पोटावर पाय टाकून झोपते. मला 'आतू' म्हणायला लागली आहे. तुम्ही अगदी निश्चिंत राहा.

वन्सं


६ फेब्रुवारी

वन्सं,

बोटभर जागा सोडून लिहिलं आहे. एका पानावर चार वाक्यं मावतात. आईला चार वाक्यं आणि तुम्हाला अख्खा दिवस.

'आतू' हे कुठून काढलं तिने? आम्ही 'आत्या' शिकवलं होतं. आणि पोटावर पाय टाकून ती माझ्याजवळ झोपते. झोपायची. आता माझ्या पोटावर पाय ठेवायला जागा उरलेली नाही हे खरं, पण म्हणून तिने लगेच दुसरं पोट शोधायला हवं होतं असं नाही. तुम्ही हसाल. हसा. हे म्हणतात, "अगं, पोरगी रमली आहे, चांगलंच आहे ना?" चांगलंच आहे. रमली नसती तर रडले असते, आता रमली म्हणून रडते आहे. आता बोला.

ती माझी आठवण काढते का? तुमच्या दोन्ही पत्रांत त्याबद्दल एक शब्द नाही. लिहायला विसरलात, की लिहिण्यासारखं काही नाही?

निळा फ्रॉक आखूड झाला असेल तर उसवू नका. ती आल्यावर मी उसवेन.

भिंगरीची आई


२७ फेब्रुवारी

वहिनी,

चांगली बातमी आधी. काल तपासणी झाली. डाव्या डोळ्याने चौथी ओळ! दोन महिन्यांत पहिलीवरून चौथी. उजवाही तपासला, कारण सतत झाकून ठेवल्याने तोच मागे पडत नाही ना, हे बघावं लागतं. तो जागेवर आहे.

आता दुसरी बातमी. तुमचं गेल्या आठवड्याचं पत्र तिने कारखान्यात टेबलाखाली बसून वाचलं. डाव्या डोळ्याने वाचताना ती एकेक अक्षर मोठ्याने म्हणते, म्हणून मला ऐकू आलं, मी कान लावला नव्हता. प, ट्टी, न, को, अ, से, ल, त, र, सां, ग. आ, ई, बा, बां, ना, घ्या, य, ला, पा, ठ, वे, ल. एवढं वाचायला तिला खूप वेळ लागला. वाचून झाल्यावर तिने पट्टी ओढून काढली, भुवईचे चार केस त्याबरोबर गेले, आणि ती पट्टी तिने खळीच्या डब्यात बुडवली. त्यानंतर आजपर्यंत तिने मला पट्टी लावू दिलेली नाही.

वहिनी, तुमचं ते वाक्य तिने ज्या डोळ्याने वाचलं, तो डोळा वाचायला शिकला कसा, याचा जरा विचार करा. जास्त लिहीत नाही. लिहिलं तर कागद फाटेल.

वन्सं


९ मार्च

वन्सं,

हो, लिहिलं. आईने मुलीला एवढंही विचारू नये? आणि तुमच्याकडे इतकी रमली होती तर एका वाक्यासरशी तिने पट्टी काढलीच कशी? मला काही कळेनासं झालं आहे. मला कुणी काही सांगत नाही. मला फक्त पडून राहायला सांगतात.

आज बोलूनच टाकते. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, एका डोळ्याचं काम बंद पडलं की दुसरा त्याची जागा बळकावून बसतो. मी अंथरुणावर काय पडले, तुम्ही तेच केलंत. स्वतःचं मूल नसलं की माणूस दुसऱ्याचं किती पटकन आपलं म्हणायला लागतं! डोळा हे निमित्त. तुम्हाला हौस होती.

बाळ याच महिन्यात होईल. झालं की हे येतील आणि भिंगरीला घेऊन जातील. पट्टी मी लावीन. माझ्या मुलीच्या कपाळावर केस कुठे वळतात ते मला माहीत आहे.

भिंगरीची आई


४ एप्रिल

वहिनी,

मुलगा झाल्याचं दादाकडून कळलं. तुम्ही दोघं सुखरूप आहात, फार बरं वाटलं.

भिंगरी या पत्राबरोबरच निघते आहे. पट्ट्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत, तक्ता गुंडाळून आत ठेवला आहे. पट्टी पुन्हा सुरू केल्यावर तिने पाचवी ओळ वाचली. रोज सहा तास. एकदम सोडली तर मिळवलेलं हातचं जातं असं बाईंनी दोनदा बजावलं आहे. पुढची तपासणी जुलैत.

अकरा फ्रॉक धुऊन ठेवले आहेत. निळा उसवलेला नाही.

वन्सं


१२ मे

वहिनी,

तुमचं पत्र नाही. दादाचं कार्ड आलं, 'सर्व ठीक'. दादाच्या अंगावर छप्पर पडलं तरी तो 'सर्व ठीक' असंच लिहील, तेव्हा त्याचं काही खरं नाही.

पट्टी चालू आहे ना, एवढं एका ओळीत कळवा. माझ्यावर राग धरा, पट्टीवर धरू नका.

वन्सं


२ जून

वन्सं,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तोंड नव्हतं. आज बाळ झोपलं आहे, सलग लिहून टाकते.

भिंगरी आली त्या दिवशी मी तिला कुशीत घेऊन विचारलं, "आतूच्या पोटावर पाय टाकून झोपायचीस ना गं?"

म्हणाली, "आतू कोण?"

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? बरं झालं, हे आलं. मग ती म्हणाली, "मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पट्टीवालीशी माझी कट्टी होती."

पट्टीवाली म्हणजे तुम्ही. "मी तिला चावले पण. दोनदा," म्हणाली आणि खुदकन हसली. मीही हसले. त्या रात्री मला किती तरी दिवसांनी छान झोप लागली, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी हातात घेतली तर किंचाळली. म्हटलं, कालच आली आहे, उद्या लावू. उद्या तिला बाळाचा राग आला होता, म्हटलं परवा. वन्सं, बाळ सारखं माझ्या अंगाला चिकटलेलं, आणि ती दारात उभी राहून नुसती बघते. अशात मी तिच्या डोळ्यावर काहीतरी चिकटवायचं आणि तिला रडवायचं? मला तिची चांगली आई राहायचं होतं. असं करत करत महिना कधी उलटला कळलंच नाही. तुमचं मेमधलं पत्र आलं तेव्हा मी तक्ता भिंतीला लावला, चमच्याने तिचा उजवा डोळा झाकला आणि म्हटलं, वाच.

तिसरी ओळ. पाचवीवरून तिसरी.

मग लावली. पहिल्या दिवशी म्हणाली, "तू पण पट्टीवाली." दुसऱ्या दिवशी जमिनीवर लोळून रडली, आणि हाक कुणाला मारली? "मला आत्याकडे जायचंय!" मला वाटलं, ती पट्टी पाकिटात घालून तुम्हाला पाठवून द्यावी. तीन महिने हिने तुम्हाला चावायचं आणि माझ्या घरात तुमच्या नावाने गळा काढायचा!

तिला समजवावं म्हणून चौथ्या दिवशी मी म्हटलं, "हे बघ, आई पण लावते. काहीसुद्धा होत नाही." एक पट्टी घेतली आणि स्वतःच्या उजव्या डोळ्यावर चिकटवली.

वन्सं, भिंतीवरचं कॅलेंडर गेलं.

अंधार झाला नाही. खिडकी होती, भिंगरी होती, कॅलेंडरचा चौकोनही होता. पण त्यात तारखा नव्हत्या. जवळ गेले तर आकडे दिसले, एकमेकांच्या अंगावर चढलेले. बारा आहे की एकवीस, सांगता येईना. भिंगरीकडे वळले. तिचा चेहरा दिसत होता, पण ती हसते आहे की रडते आहे ते मला ओळखता आलं नाही. तीच म्हणाली, "आई, तुझी पण अक्षरं शिरतात?"

पट्टी काढून डाव्यावर लावली तर सगळं लख्ख. पुन्हा उजव्यावर लावली. पुन्हा तेच.

मी बत्तीस वर्षांची आहे. इतकी वर्षं एकाच डोळ्यावर काढली आणि मला पत्ता नाही! शाळेत चेंडू नेहमी माझ्या नाकावर यायचा, मला वेंधळी म्हणायचे. चहाची धार अजून कपाबाहेर जाते, हे चिडवतात. जिन्याची शेवटची पायरी मी पायाने चाचपून उतरते. मला वाटायचं सगळेच तशी उतरतात. आणि तुमच्या चष्म्यावरून मी काय काय लिहिलं! आलं ते माझ्याकडूनच आलं असणार.

त्या दुपारी भिंगरी झोपल्यावर तिच्याशेजारी बसले होते. मला तिचा हेवा वाटला. तुमचा वाटत होता तो निदान समजण्यासारखा होता. हा स्वतःच्या लेकीचा. तिला चावायला कुणीतरी मिळालं. माझ्यासाठी कुणी वाईट झालं नाही. माझ्याशी सगळे छान वागले आणि माझा डोळा वाया गेला.

आता एक विचारते, सरळ उत्तर द्या. ती तुमच्याशी अशी वागत होती, तर मला 'पोटावर पाय टाकून झोपते' असं का लिहिलंत? त्या एका वाक्यावर मी तीन महिने जळत होते.

तुमची
वहिनी


१० जून

वहिनी,

आधी कामाचं. तुमचे डोळे दाखवायलाच हवेत आणि बाळाचेही. मी बाईंना विचारून आले. हे घरात पुढे चालू शकतं, म्हणून बाळाला आताच तपासलेलं बरं. त्याला वाचता येत नसलं तरी डोळे तपासता येतात म्हणाल्या. तुमच्याबद्दल त्या फार आशा देत नाहीत. या वयात थोडाफार फरक पडला तर पडतो. पण एकाच डोळ्यावर सगळी भिस्त असेल तर तो जपायला मजबूत काचांचा चष्मा लावाच, नंबर असो नसो.

आता तुमचा प्रश्न. तुम्हाला उठायची बंदी होती. ती दारापाशी बसून 'आई, आई' करत गळा फाडते आहे हे लिहिलं असतं, तर तुम्ही मिळेल ती गाडी पकडून आला असता. पहिल्या पत्रापुरतं हे उत्तर खरं आहे. पुढच्या पत्रांत मात्र मी तसं लिहीत गेले, कारण लिहिताना मला बरं वाटायचं. दिवसभर तिने माझ्याकडे पाठ करायची, आणि संध्याकाळी मी तुम्हाला लिहायचं की ती मला 'आतू' म्हणते. ती काहीच म्हणत नव्हती. लहानपणी मी माझ्या आत्याला आतू म्हणायचे.

आणि तुम्हाला वाटतं, जळत होतात त्या तुम्ही एकट्याच? तुमचं पाकीट आलं की ही बया स्वतःहून पट्टी घेऊन यायची आणि केस मागे धरून उभी राहायची! माझ्या दिवसभराच्या विनवण्या एका बाजूला आणि तुमची चार वाक्यं एका बाजूला. टेबलाखाली बसून वाचायची, वाचून झालं की कागद गालाला लावायची. मी वाकून बघितलं की पालथा घालायची. फेब्रुवारीत एक पाकीट मी दोन दिवस खळवाल्या मावशींच्या फळीवर दडवून ठेवलं. म्हटलं, आईच्या पत्राशिवाय लावून घेते का बघू. नाही घेतली. ते दोन दिवस तिच्या डोळ्याचे गेले.

आठवण काढते का, असं तुम्ही विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर दुसरं काही लिहायला जागा उरली नसती.

'मूल नसलं की' असं लिहिलंत, ते लागलं. अजून लागतं. त्यात काहीच तथ्य नव्हतं असं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते काही मनापासून सांगता येईना.

तिने माझ्या नावाने गळा काढला, ती ओळ मी परत परत वाचली. पोरगी तिकडे जमिनीवर लोळत होती आणि मी इथे खूश. खळवाल्या मावशींनी विचारलं, "पगार वाढला का गं?" काय माणसं आहोत आपण!

या. तिघंही या. दादाला 'सर्व ठीक' लिहायला घरी ठेवा.

वन्सं


२१ जून

वन्सं,

येतो. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला निघू.

पट्टी रोज चालू आहे. काल चावली, मनगटाच्या जरा वर. वण दाखवते आल्यावर. तुमच्यापेक्षा खोल असेल तर मी जिंकले असं समजायचं का? विचारते आहे आपली.

मी लिहिलं होतं ते परत घेता येत नाही. शाळेत मुलांना सांगते, खोडरबराने खोडलं तरी कागदावर वळ राहतो. तरी पण घासते आहे.

चहा तुम्ही ओता.

वहिनी


१८ जुलै

वहिनी,

तुम्ही गेल्यावर खोली आवरायला दोन दिवस लागले. बाळाचा एक मोजा पलंगाच्या मागे सापडला, पाठवते.

बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, दादाला दाखवायला लिहून ठेवते. बाळाचे दोन्ही डोळे सध्या चोख आहेत, वर्षभराने पुन्हा दाखवायचे. भिंगरीने डाव्याने पुन्हा पाचवी ओळ गाठली, तीही अक्षरं अगदी शेजारी शेजारी असताना. पट्टी आता रोज दोन तास. तुमच्या डाव्याला कितीही काचा बदलून बघितल्या तरी दुसऱ्या ओळीपुढे जाता आलं नाही. नवा चष्मा लावत जा. शिक्षिका वाटता. आहातच म्हणा.

ते माशीचं चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. दोन्ही डोळे मिळून बघतात का ते तपासायचा तो करडा चष्मा घालून भिंगरीला सांगितलं, माशीचे पंख चिमटीत धर. तिची चिमूट कागदाच्या बरीच वर, हवेतच मिटली आणि ती "ई!" करून मागे सरकली. बाईंनी टाळी वाजवली. म्हणाल्या, "दोन्ही चित्रं मेंदूने जुळवली बघा. तिला पंख वर आलेले दिसतात." मग तुम्ही तोच चष्मा मागून घेतलात, बोट सरळ कागदावर टेकवलंत आणि म्हणालात, "छापलेली तर आहे." सगळे हसले, तुम्हीही हसलात. पण त्यानंतर तुम्ही भिंगरीकडे ज्या नजरेने बघितलंत ती मी ओळखली. तीन महिने तुमच्या पाकिटांकडे मी तसंच बघत होते.

तेवढ्यात बाळ रडलं आणि तुम्ही त्याला घेऊन बाहेर गेलात. नंतर आत जे झालं ते मी तुम्हाला स्टेशनवर मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, पत्रात लिहावं, म्हणजे तुम्हाला उत्तर पाठवावं लागेल.

डॉक्टरीणबाई आल्या. चांगल्या मोठ्या आवाजाच्या, लगबगीच्या. भिंगरीला उचलून उंच खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "काय गं, पट्टी कोण लावतं तुला?"

"इथे होते तेव्हा आत्या लावायची. आता आई लावते."

"हो का? मग दोघींत चांगली कोण?"

वहिनी, मोठ्या माणसांनी मुलांना असले प्रश्न विचारू नयेत. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक माणूस सायकलची हवा भरत होता. दार अर्धं उघडं होतं, बाळाचं रडणं थांबलं होतं. तुम्हालाही ऐकू येत असेल की काय, असं वाटून माझे कान तापले. भिंगरीने पाय हलवले. चष्मा नाकावर चढवला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे बघितलं. तिला हिशेब करायला वेळ लागला.

"चांगली कुणीच नाही," ती म्हणाली. "दोघी वाईट आहेत. दोघी सारख्या वाईट आहेत."

सारख्या म्हणाली, वहिनी. मी नीट ऐकलं आहे.

तुमची
वन्सं